ऐकून पास केलेले जॉइंट

बुधवार, ५ मार्च

तेओ डॉक्टरांची पांढरी गाडी परत आली. तिसऱ्यांदा! सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारं मशीन, बसवला की गेजवर नऊचा दाब दिसायला हवा. काटा सहावर जातो आणि बसतो. म्हणजे हवा कुठंतरी गळतेय. डॉक्टर दातांचे. माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच तोंड उघडून त्यांच्या खुर्चीत बसलोय.

परत आलेली ही महिन्यातली दुसरी गाडी. आधी वर्षानुवर्षं एक परत येत नव्हती. पाईप मी जोडलेत आणि माझे पाईप गळत नाहीत. खोट असेल तर मशीनमध्ये, आणि मशीन बसवलं रिझुआनने, जायच्या आदल्या आठवड्यात; पाईप जोडायच्या आधीच तो गेला. घ्या! मेहुणा काम सोडून गेला आणि घाण मागे ठेवून गेला.

रोज्याचा चौथा दिवस. घसा कोरडा, कंबर धरलेली.

शुक्रवार, ७ मार्च

गाडीच्या हवेच्या तोंडावर झाकण बसवलं, झाकणाला सायकलचा व्हॉल्व्ह, त्यातून कॉम्प्रेसरची हवा भरली. इंजिन बंद. मग रबरी नळी कानाला लावून एकेक जॉइंट ऐकत गेलो. माझ्या उस्तादाने असंच शिकवलं. साबणपाण्याचे फेस काढत बसायचं ते ज्यांना कान नाहीत त्यांनी. आमच्या मुआर गावात माझ्याबद्दल म्हणतात, जमहारीला मुंगी शिंकलेली ऐकू येते.

अकरा जॉइंट. सगळे मुके. दोनदा ऐकले. जुम्याची नमाज झाल्यावर परत एकदा.

शनिवार, ८ मार्च

सुपरचार्जरचा पट्टा बदलला. काटा सहावरच.

मंगळवार, ११ मार्च

सुपरचार्जर खाली उतरवून उघडला. खरं सांगतो — रिझुआनची चूक सापडावी असं फार वाटत होतं. नाही सापडली. प्रत्येक बोल्टवर त्याची पिवळ्या रंगाची खूण, घट्ट केल्याची. चिडलोच मी. सगळं परत बसवायला दिवस गेला.

तीन आठवडे झाले त्याला जाऊन. रोज संध्याकाळी मी नमाजाला निघालो की हा मागे थांबायचा. तास-तास. विचारलं तर म्हणे, आवराआवर. अरे, तासभर कसली आवराआवर? मी काय काल जन्माला आलो? माझ्या गॅरेजात, माझ्या हत्यारांनी, माझ्या पाठीमागे खाजगी कामं! एकदा तेओ डॉक्टर आले होते, त्यांच्या समोरच म्हणालो, "चोर पाळला मी घरात."

त्याने हात पुसले. "बरं, दाजी," एवढंच म्हणाला आणि संध्याकाळच्या बसने जोहोर बाहरूला गेला. चोर नसता तर काहीतरी बोलला असता ना? माझ्या लग्नात नऊ वर्षांचा होता. माझ्या ताटात जेवून वाढलाय.

बुधवार, १२ मार्च

इफ्तारला मशिदीतून आलेली पेज. बायकोने, सौदाहने, विचारलं, रिझूला ईदला बोलवू का. म्हणालो, आधी माफी मागू दे. तिने वाटी आपटली आणि आत गेली. जाताना काहीतरी बोलली, ते कळलं नाही. हल्ली फार पुटपुटते.

ईदला तो नाही असं आजवर एकदाही झालं नाही.

शनिवार, १५ मार्च

तेओ डॉक्टर आले. महिनाअखेर घाटातली शर्यत आहे, नाव दिलंय. म्हणाले, सिगारेटचा धूर भरून बघा की, जिथून गळेल तिथून धूर निघेल. म्हणालो, रमजान आहे, दिवसा धूर ओढला तर रोजा तुटेल. "मला कुठं रोजा आहे?" म्हणाले आणि बसले स्टुलावर. एवढा मोठा डॉक्टर, पण पाईपला तोंड लावून तीन सिगारेटी फुंकल्या. मी नाकाला रुमाल धरून दाराबाहेर. मग कॉम्प्रेसरची हवा हळूच पाईपात सोडली.

धूर निघाला. बंपरच्या मागच्या जॉइंटमधून. माझ्या. गेल्या आठवड्यात तीन वेळा मी त्याला नळी लावली होती.

"तिथंच आहे होय," डॉक्टर म्हणाले. "फस्स आवाज तर मघापासून येतोय. मला वाटलं, तुम्हीच हवा सोडताय."

मी वाकलो. हवा गालाला लागत होती. गार. कान टेकवला. काही नाही. दुसरा टेकवला. काहीच नाही.

रविवार, १६ मार्च

जॉइंट आवळणारा क्लॅम्प तिरका बसला होता. सरळ केला. नऊ. डॉक्टर खूश होऊन गेले. मला जेवण गेलं नाही.

मंगळवार, १८ मार्च

दवाखान्यात गेलो. पोरगेलीशी मुलगी. तिने कानांवर यंत्र चढवलं, हातात बटण दिलं. म्हणाली, आवाज आला की दाबा. मी बसलो. बराच वेळ गेला. शेवटी विचारलं, "कधी सुरू करणार?"

"संपलं, काका," ती म्हणाली.

मग कागद दाखवून समजावलं. जाडे आवाज ठीक आहेत, बारीक गेलेत. वर्षानुवर्षं किंचाळणाऱ्या यंत्रांजवळ उभं राहिलं की होतं म्हणे. एका दिवसात नाही, हळूहळू. दोन-तीन वर्षं तरी झाली असतील.

दोन-तीन वर्षं! मग तेव्हाच्या गाड्या परत कशा आल्या नाहीत? येताना रस्त्यात हेच डोक्यात. सापडलं नाही. फार थकलोय.

शुक्रवार, २१ मार्च

सौदाहला कानांचं सांगितलं. म्हणाली, "माहीत आहे. रिझू संध्याकाळी तुमचे जॉइंट परत तपासायला थांबायचा. साबणपाणी मारून. दोन वर्षं. गेला त्या दिवशी सांगितलं मला, आणि तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून शपथ घातली."

मी विचारलं, चोर म्हणालो तेव्हा तोंड का उघडलं नाही त्याने?

"गिऱ्हाईक समोर उभं होतं," ती म्हणाली.