खाऱ्या तळ्यावरचा मनाई हुकूम

४ फेब्रुवारी १९७६
म्हसवडहून एसटीने फाट्यापर्यंत आणि पुढे बैलगाडीने खारवडीला पोचलो. सांगलीत बसून इथल्या तळ्यासाठी कायदा लिहिणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, म्हणून सरकारच्या तळे संरक्षण समितीने मला आणि जिनदत्तला इथेच राहायला पाठवलंय. मी वकील, तो पाण्याचा अभ्यासक. शाळेत एका बाकावरचे. गावच्या शाळेच्या रिकाम्या खोलीत बिऱ्हाड थाटलं. समोर तळं, दुधी रंगाचं, खारं, आणि त्यात शेकडो रोहित पक्षी. जेवण शेजारच्या भामाबाईंकडे. जिनदत्तने बाजरीची चौथी भाकरी मागितली तेव्हा मी त्याची भरपूर थट्टा केली. आज फार खूष आहे मी.

९ फेब्रुवारी
इथली एक रीत कळली. रोज सकाळी प्रत्येक घरातलं एक माणूस काठावरचं ओंजळभर मीठ उचलतं आणि शिवेबाहेर टाकून येतं. बिराप्पा नावाच्या म्हाताऱ्या धनगराला कारण विचारलं. तो म्हणाला, "आमी न्हेतो म्हणून तळं जाग्यावर हाय, सायेब. न्हाईतर ते गावात येतंय."

जिनदत्तच्या मते असंच चाललं तर काठ उजाड होईल आणि पक्षी निघून जातील. मी एका बैठकीत कलम लिहून काढलं: तळ्याचं मीठ जिथे असेल तिथून कोणीही हलवू नये, हलवल्यास कैद. पळवाट एकही ठेवली नाही. वकिली अशी करावी.

२१ फेब्रुवारी
हुकूम सहीशिक्क्यासह आला. गावात दवंडी पिटली आणि काठावर एक शिपाई बसवला. कोणी भांडलं नाही, याचं नवल वाटलं. भामाबाईंनी एवढंच विचारलं, की गरज पडली तर हुकूम मागं घेता येतो का. एका अर्जाचं काम आहे, असं मी हसत सांगितलं.

३ मार्च
मीठ शाळेच्या पायरीपर्यंत आलं. पाणी नाही, नुसतं मीठ, दुधावर साय धरावी तसं जमिनीवर धरलेलं. गावाला गोड्या पाण्याची एकच विहीर, ती आता मिठापासून तीस पावलांवर. नाथाजी नावाच्या शेतकऱ्याने सकाळी ओंजळ उचलली, तर त्याला धरून नेलं. आणीबाणीत नेलेला माणूस कधी परत येईल, कोण सांगणार? आता मिठाला कोणी हात लावत नाही. हुकूम मागे घ्या म्हणून मी समितीला तार केली. हात दाखवून अवलक्षण ते हेच. लाज वाटते.

१० मार्च
विहीर खारट झाली. लोक गाड्या भरून निघाले. भामाबाई माझ्याकडे न बघता गेल्या.

सकाळी जिनदत्तच्या पापण्यांवर मीठ होतं. धुतलं. दुपारी पुन्हा आलं. बिराप्पाने शेवटची गाडी आमच्यासाठी थांबवली, पण जिनदत्तचे पाय जमिनीवरून उचलेनात. आम्ही दोघांनी ओढून पाहिलं, तो किंचाळला. बिराप्पा मला चला म्हणाला. याला टाकून कसा जाऊ?

१३ मार्च
फाट्यापर्यंत पायी जाऊन तारेचं उत्तर आणलं. समितीची बैठक एप्रिलात, तोवर हुकूम कायम. कलम पक्कं लिहिल्याबद्दल माझं अभिनंदन केलंय.

जिनदत्तचे पाय खरवडायला बसलो. त्याने माझा हात धरला. हे तळ्याचं मीठ आहे, हलवणं गुन्हा आहे, असं शांतपणे म्हणाला. थट्टा नव्हती. मला भीती वाटते.

१५ मार्च
बोलत नाही. गुडघ्यांपर्यंत — नाही, कमरेपर्यंत चढलंय. मी खरवडतो, मागून पुन्हा चढतं. मदतीला शिपायाला हाक मारली. तो काठावर बसलाय तसाच. पांढरा. जवळ गेलो नाही —

१६ मार्च
अख्खं गाव रोज काढायचं. मी एकटा. किती —

त्याच्या चेहऱ्यावरचं काढलं. खाली चेहरा असेल म्हणून. खालीही मीठच.

आणखी काढलं. मीठच. माझी बोटं वाकत नाहीत. थोडंच राहिलंय, आत तो असेल, जिनदत्त, आत —