राखीव वनातील दोरा माझाच असल्याबाबत

अभा, सौदी अरेबिया
दि. २४ जून २००८

प्रति,
मा. समाजकल्याण अधिकारी,
भारतीय वाणिज्य दूतावास, जेद्दा

विषय : राखीव वनात झाडाला दोरा बांधल्याच्या संशयावरून अटकेत असलेल्या जाफर या टॅक्सीचालकाच्या सुटकेसाठी माझा जबाब अरबीत करून मिळण्याबाबत.
संदर्भ : आपण मराठी असल्याचे येथील महाराष्ट्र मंडळाच्या सचिवांकडून समजले.

महोदय,

मी येथील एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन असून पत्नी शोभना तेथेच नर्स आहे. गेल्या आठवड्यात वटपौर्णिमा झाली. इथे वड मिळेना, म्हणून डोंगरावरच्या राखीव वनातील ज्युनिपरच्या एका जुन्या झाडाला फेरे मारून सूत गुंडाळण्यात आले. बुंध्याला हळदकुंकू वाहिले, मुळाशी आंबे ठेवले. आम्हाला घेऊन आलेली जाफरची टॅक्सी रस्त्यावर थांबलेली होती.

पहारेकऱ्यांना हा सगळा जादूटोणा वाटला. टॅक्सीचा नंबर त्यांनी टिपला होता, त्यामुळे जाफर पकडला गेला. त्याने आमचे नाव घेतले नाही. त्याची टॅक्सी एरवी रुग्णालयाच्या फाटकावर उभी असते, म्हणून चौकशीची माणसे तिथे आली तेव्हा सुताचा तुकडा मला दाखवण्यात आला, आणि असला दोरा जन्मात पाहिला नाही, असे मी सांगितले. सांगताना जीभ जराही अडखळली नाही, याची मला फार लाज वाटते. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

शोभना म्हणते, दोरा माझा, मीच जाऊन सांगते. आज ड्यूटी संपताच ती निघणार आहे. माझ्या आयुष्यासाठी उपास तिने करायचा, 'हे खूळ सोड' म्हणून टिंगल मी करायची, आणि वर कोठडीतही तिनेच बसायचे, हे मला पटत नाही.

सबब नम्र विनंती की, सदर दोरा मी एकट्याने बांधला, असे लिहावे. पुरुष वटपौर्णिमा करीत नाहीत, हे आपणास ठाऊक आहे; इथे कोणालाच नाही. तरी भाषांतरात ते कळू देऊ नये. फेरे कसे मारतात ते ठाण्यातल्या साहेबांसमोर करून दाखवण्याची माझी तयारी आहे. उरलेला सुताचा गुंडा घेऊन मी तिच्या आधी ठाण्यावर हजर होत आहे. झाडाच्या सालीला इजा झालेली नाही. तरी दंड, झाडाची निगा, जे सांगतील ते मान्य. मात्र जाफरला आजच सोडावे.

दोरा कोणाच्या आयुष्यासाठी बांधला, असे ते विचारतील. पत्नीच्या, असे लिहावे. साऱ्या जबाबात तेवढे एक खरे आहे.

आपला, आणि त्याहून अधिक जाफरचा, अपराधी,
(सही)
गिरीश दत्ताराम पेडणेकर

सोबत : इकाम्याची (निवास परवान्याची) प्रत (फॅक्सने)