पंपघराचा फोन

अण्णा,

बाजारातून आलास की आधी हे वाच. आज दुसऱ्या पाळीला खाणीत उतरू नकोस. गैरहजेरी लागली तर लागू दे.

जुनं एक्स्चेंज काढून खाणीतले फोन नव्या राउटरवर घ्यायचे आहेत, हे तुला माहीत आहे. त्याला फोनचे पोर्ट मोजकेच, म्हणून काल मी एकेक फोन वाजवून पाहिला. कोणी उचलला तर तो यादीत, नाहीतर बाद. पंपघराचा तीनदा वाजवला, कोणी उचलला नाही. मी तो खोडला, आणि आज सकाळी त्याची तार कापलीसुद्धा.

मगाशी चहा पिताना डोक्यात उजेड पडला. पंप चालू असला की तुला घंटा ऐकूच येत नाही. पाणी वाढलं की तिथून वर फोन करायचा तो तूच. शंभरदा तुझ्याच तोंडून ऐकलंय, आणि तरीही! शिव्या नंतर घाल.

खाली पाणी चढतंय, असं रात्री जेवताना तूच म्हणालास. तार जोडायला संध्याकाळ होईल. मॅनेजरला माझी चूक सांगायला चाललेय, नोकरी गेली तर गेली. तू माझं ऐकणारा नाहीस, म्हणून तुझे खाणीतले बूट बरोबर नेतेय. जेवून घे, ज्वारीचे रोट्टे झाकून ठेवलेत.

रजिता

अण्णा, बूट दाराशी नाहीत. तुझा डबाही नाही. पहिल्या पाळीच्या मल्लेशच्या बदली तूच सकाळी उतरलास का रे?