धक्क्यावरची खोली

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत. तुझ्या भावजयीचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, ती मात्र त्याहून जास्त.

बातमी चांगली आहे. होडीच्या धक्क्यावरच्या खोलीची फाइल अखेर आमच्या जतन खात्यात वरच्या टेबलावर पोचली. मंजूर झाली तर डागडुजीला सरकारी अनुदान मिळेल, आणि मुख्य म्हणजे नव्या रस्त्यासाठी ती पाडता येणार नाही. आप्पा होडी वल्हवून दमले की ज्या बाकावर पाठ टेकायचे, तो बाक तिथेच राहील. वडिलांची तेवढीच तर खूण उरली आहे आपल्याला.

आमचे साहेब या महिन्यात पाहणीला येतील. साधा माणूस आहे. त्यांच्यासाठी काही करू नकोस, खोली आहे तशीच असू दे. तू निवृत्त झालीस तरी शाळेच्या मोठ्या बाईच आहेस, म्हणून पुन्हा सांगतो, काही करू नकोस.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा धाकटा

१७ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. काही करू नकोस म्हणतोस. पाहुण्याने असं म्हटलं की आई त्या दिवशी दोन पदार्थ जास्त करायची. तेव्हा याचा अर्थ मला शिकवू नकोस.

खोलीची दशा तुला आठवतच असेल. होडीची वाट बघणाऱ्या रिकामटेकड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भिंती गिरगटून ठेवलेल्या. नावं, होड्या, कुणासाठी ठेवलेले निरोप, सगळं कोळशाने नाहीतर चाकूच्या टोकाने. त्यात तूही होतास, मी कान पिळला होता. भिंतीवर लिहिणाऱ्या पोरांना जन्मभर मी फडकं घेऊन उभं केलं, आणि माझ्याच गावातली अशी भिंत सरकारी माणसाला दाखवू?

जुन्या विद्यार्थिनींना हाक मारली, गवंडी बोलावला. तारेच्या ब्रशने सगळं खरवडून काढलं, वर नवा गिलावा आणि पांढरा रंग. ओरडून ओरडून माझा घसा बसला, पण खोली लख्ख झाली. आप्पांना लिहिता येत नव्हतं, ते खिडकीखाली दर वर्षी एक होडी काढायचे. त्या खरवडताना मात्र जिवावर आलं. पण एकाचं ठेवायचं आणि दुसऱ्याचं पुसायचं हे माझ्या शाळेत कधी चाललं नाही.

साहेब उद्या येतील. तू काळजी करू नकोस, तब्येत सांभाळ. माया आहेच.

तुझी ताई

२५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साहेब परत आले. तुझ्या चहाचं आणि टापटिपीचं कौतुक केलं. मग दार लोटून घेतलं आणि मला विचारलं की आता मी मंजूर काय करू. ताई, ती फाइल त्या भिंतींसाठीच होती. तसल्या खोल्या नदीकाठी पुष्कळ आहेत, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातचं एवढं लिहिलेलं त्या एकाच खोलीत होतं. फाइल बंद झाली. रस्ता तिथूनच जाणार.

तुझ्यापेक्षा मला माझाच राग येतो. भिंतींबद्दल मी मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं तर पुन्हा कान पिळशील असं वाटलं. पन्नाशी उलटली तरी मी तुला घाबरतो, हे हसण्यासारखं आहे, पण हसू येत नाही.

आप्पांची एकही होडी उरली नाही का? खिडकीच्या कोपऱ्यात, अगदी खाली कुठे? नीट बघून कळव.

लोभात खंड नको.

तुझा धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

नाही उरली. कोपरे मी स्वतः बोट दाखवून साफ करून घेतले होते.

तुझे साहेब फार सज्जन. खिडकीखाली बराच वेळ हात फिरवत राहिले. काही हरवलं का म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, नाही बाई, मेहनत छान केलीत. मला वाटलं, पसंत पडलं. तुझं पत्र येईपर्यंत मी गावभर तेच सांगत फिरत होते. आता मी दिसले की लोक विषय बदलतात. सगळे माझेच विद्यार्थी, मला कोण बोलणार? कुणीतरी बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

परवा पाडायचं यंत्र धक्क्यावर येऊन उभं राहिलं. संध्याकाळी मी एकटीच गेले, आप्पांच्या बाकावर बसले. भिंत इतकी पांढरी होती की तिच्याकडे बघवेना. मग पदराआडून कोळसा काढला आणि खिडकीखाली आप्पांसारखी होडी काढली. होडीपेक्षा चपलेसारखीच दिसत होती. शेजारी तुझं नाव लिहिलं, पूर्वी तू लिहिलं होतंस तिथेच. जन्मात पहिल्यांदा भिंतीवर लिहिलं. पुसलं नाही.

काल सकाळी खोली पाडली. बाक मी मागून घेतला आहे, अंगणात ठेवला आहे. येशील तेव्हा त्यावर बस.

तुझा लोभ आहे तसाच असू दे. त्याला काही करू नकोस.

तुझी ताई