बंगालचा स्वेटर रज्जाकच्या अंगावर

दमयंतीकाकू,

तुमच्या भगिनी मंडळाच्या गाठोड्यातला निळा स्वेटर मी रज्जाकला घातला आहे. चार दिवस तो गोठ्यात पोतं पांघरून तापाने फणफणतोय, आणि इकडे ओटीवर तुम्ही सगळ्याजणी बंगालच्या भुकेल्यांसाठी लोकर विणताय. उपाशी माणसाला स्वेटर पाठवायची कल्पना थोरच; निदान चघळायला होईल.

"घरच्या गड्याला दिलं तर ते दान कसलं? गरजू लांबचा हवा," असं काल तुम्हीच म्हणालात. म्हणून त्याला बैलगाडीत घालून नगरच्या इस्पितळात नेतोय. पारनेरहून नगर चांगलंच लांब आहे. तिथे पोचला की तो तुमच्या नियमात बसेल.

स्वेटरची एक बाही त्याच्या गुडघ्यापर्यंत येते. तरी अंगात घालताना मलाच दटावत होता, "बाईसायबांस्नी इचारलं का?"

गाईची धार काढली आहे. शेळीला ओटीपासून दूर बांधा, तिने दोन मफलर खाल्ले. मंडळाचं काम आवडलेली ती पहिलीच.

रोज रज्जाक वांग्यांना पाणी द्यायचा, ते चार दिवस राहिलंय. बैल मी नेलेत, तेव्हा मोट चालणार नाही, घागरीनेच घाला. रज्जाक घरचा की लांबचा, ते तिसऱ्या घागरीला ठरवा.

शामकांत