छातीचा रकाना

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पांढरी बारीक पूड दिसली की माझा हात आपोआप नाकाशी जातो. हिंगणघाटच्या कापसाची सरकी काढायच्या जिनिंगातून तुम्ही यायचात तेव्हा भुवयांवर, कानांवर रुई बसलेली असायची. आई मागच्या दारी टॉवेलनं झटकते आहे, तुम्ही खोकत खोकत हसताहात आणि मी रुमाल बांधा म्हटलं की माझ्यावरच खेकसता, "कापसानं काय होते वं? आपण त्याच्याच गादीवर झोपतो न." मलाही ते पटायचं. शेवटच्या हिवाळ्यात धाप लागून त्या गादीवर तुम्हाला आडवं होता येईना.

मी आता काय करते ते सांगायचं राहिलंच. नवा पदार्थ शोधायला पूर्वी एकेक मिश्रण भट्टीत घालून बघावं लागे, त्यात माणसाचं अर्धं आयुष्य जाई. मी जुन्या प्रयोगांचे आकडे संगणकाला शिकवते आणि तोच सांगतो, यातलं हे करून बघा. यंदा त्यानं बॅटरीसाठी एक पूड सुचवली. केली, आणि खरंच चालली. तापत नाही, स्वस्त पडते. फक्त इतकी हलकी की ट्रे उचलला तरी धुरासारखी वर येते. माझ्या प्रोग्रॅममध्ये उष्णतेचा रकाना आहे, खर्चाचा आहे. माणसाच्या छातीचा नाही, कारण ही पूड अजून कुणाच्या छातीत गेलेलीच नव्हती. साहेबांना म्हटलं, तपासायला वर्षभर द्या. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, वर्ष लागू नये म्हणूनच तर तुम्हाले ठेवलं." मला माझाच राग आला. मुलाखतीत मीच तर हे अभिमानानं सांगितलं होतं.

वडनेरच्या पुढे ती पूड बनवायची शेड उभी राहिली. धाकट्याला तिथं काम लागत होतं, मी अडवलं. "काऊन वं ताई?" पगार कमी आहे, दुसरं बघू, म्हटलं. खरं सांगितलं असतं तर गावभर झालं असतं, माझी नोकरी गेली असती. मग तुमच्या आजारपणात रोज डबा आणायच्या त्या शेजारच्या काकू तिथं कामाला लागल्या. काल त्या पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आल्या. "तुह्या भावानं जागा सोडली म्हून मले भेटली, माय." बोलता बोलता दोनदा खोकल्या. हवा बदलली म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि पेढा खाल्ला.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. तुम्हाला लिहिते आहे, बाबा, कारण काकूंना सांगायची माझी हिंमत नाही.