दप्तरी लागलेलं पत्र

॥ श्री ॥

कोळधार, जि. बुलढाणा
१६ जानेवारी १९६३

चि. सुधाकर यास,

अक्काचे पोटभर आशीर्वाद. तिळगूळ वेगळ्या पुडीत पाठवला आहे. टपालात त्याचा भुगा झाला असेल तर शैलजाला सांग, चमच्याने खा आणि गोड बोला. आई गेल्यावरची ही दुसरी संक्रांत. तिळगूळ द्यायला बायका येऊन गेल्या आणि घर पुन्हा गप्प झालं.

आता एक मागणं आहे. उभ्याने वाचू नकोस, बैस. आपल्या गावाला अलीकडे भाव आला आहे. उन्हाळ्यात खामगाव-अकोल्याची माणसं घाट चढून गारव्याला येतात, झऱ्याच्या धारेवर आंघोळी करतात, कड्यावर बसून भजी खातात आणि निजायला जागा नाही म्हणून शेवटच्या एस्टीने परत जातात. त्यावर ग्रामपंचायतीने नवे नियम केले आहेत. कड्याच्या बाजूला कोणी माडी चढवायची नाही. धारेवर कार्यक्रम करून कर्णा लावायचा तर आठ दिवस आधी अर्ज. आणि घरात उतारू ठेवायचे त्याने परवाना घ्यायचा. त्याला संडास-न्हाणी वेगळी हवी, येणाऱ्याजाणाऱ्यांची वही हवी आणि घरमालकाची लेखी संमती हवी.

मी अर्ज दिला आहे. समोरच्या दोन खोल्या उतारूंना, जेवण माझ्या हातचं. पंचायतीच्या वहीत घराचा मालक तू आहेस आणि मी नुसती राहणारी. तेव्हा मालक, मुंजीपर्यंत अंगणात उघडे फिरलात ते विसरून दोन ओळी लिहा आणि खाली सही करा. अर्जांची बैठक २८ फेब्रुवारीला आहे, ती हुकली की सगळं पुढच्या वर्षावर.

हे खूळ कुठून आलं म्हणशील. गेल्या वैशाखात खामगावचं एक कुटुंब घाटात रस्त्याचं काम निघून एस्टी बंद राहिली म्हणून आपल्याकडे चार दिवस अडकलं होतं. देऊळघाटची वांगी आणली होती, त्यांना रोडगे आणि भाजी करून घातली. त्यांच्या आजीने तिसऱ्यांदा भाजी मागितली रे! त्या चार दिवसांत मी इतकी बोलले की माझा घसा बसला.

मुलांच्या गालांवरून माझा हात फिरव. माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥

अमरावती
२५ जानेवारी १९६३

ती. अक्काच्या चरणी,

धाकट्या सुधाकरचा साष्टांग नमस्कार. तिळगुळाचा खरोखरच भुगा झाला होता. शैलजाने तो दुधात घालून मुलांना दिला आणि मुलं आता रोज संक्रांत मागत आहेत.

अक्का, संमती पाठवत नाही. राग मान, पण आधी ऐक. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी परक्यांची उष्टी काढायची तुला काय गरज पडली? मी इथे कचेरीत हेडक्लार्क आणि माझी थोरली बहीण खानावळ चालवते, हे लोकांनी कोणत्या तोंडाने बोलावं आणि मी कोणत्या कानाने ऐकावं? उद्या कोणी उतारू दारू पिऊन आला तर तू एकटी काय करणार आहेस?

आईला मी शब्द दिला होता की अक्काला एकटी ठेवणार नाही. तो मी दोन वर्षं पाळलेला नाही. शैलजाने तुझ्यासाठी पूर्वेकडची खोली रिकामी केली आहे, खिडकीला पडदाही शिवला आहे. तुला विचारायला हवं होतं हे कबूल, पण गुढीपाडव्यापासून घर भाड्याने देण्याचं मी तिथल्या शाळेच्या नव्या हेडमास्तरांना कळवून टाकलं आहे. सामान बांधायला मी स्वतः येईन.

तू नुसती बसून राहा, आता आम्हाला करू दे. लोभ आहे तेवढा तरी ठेव, वाढवण्याचं मागणं या पत्रात करण्याची माझी हिंमत नाही.

तुझा,
सुधाकर

॥ श्री ॥

कोळधार
२ फेब्रुवारी १९६३

चि. सुधाकर यास,

अनेक आशीर्वाद, त्यातला एक शहाणपणाचा. हेडमास्तरांना घर देऊन टाकलंस आणि मला पोस्टाने कळवलंस, हेही नसे थोडके. नाहीतर हेडमास्तरच बैलगाडी घेऊन दारात उभे राहिले असते आणि मी त्यांना उतारू समजून पाट मांडला असता.

दिवाळीत मी तुझ्याकडे वीस दिवस राहिले. शैलजा गुणाची आहे. मला पाण्याचा तांब्या उचलू देत नाही, जेवताना वारा घालते. आठव्या दिवशी मी काय करत होते सांगू? घडी घातलेले कपडे मोडून पुन्हा घड्या घालत होते. हे तिला सांगू नकोस, तिला वाटेल घड्या वाकड्या होत्या. तुझ्या घरी मला काही कमी नाही सुधा, पण माझ्यावाचून तुमचंही काही अडत नाही. मला अजून कोणाचं तरी अडायला हवं आहे. नुसती बसून राहा म्हणतोस ती शिक्षा आहे रे, आराम नव्हे.

लोकांचं म्हणशील तर जग घोड्यावर बसू देत नाही आणि पायी चालूही देत नाही. आणि अक्काला एकटी ठेवणार नाही असा शब्द आईला दिलास ना? मग उतारू म्हणजे कोण, भुतं का? माणसंच आहेत.

ग्रामसेवक शरच्चंद्र म्हणून नवा मुलगा आला आहे, फार नियमाचा. त्याने माझ्या अर्जावर मालकाच्या सहीची जागा कोरी ठेवून बाकी सगळं मांडून घेतलं आहे. मी तुला वचन देते. परवाना मिळाला नाही तर पाडव्याची गुढी तुझ्या दारात उभारीन, घराकडे वळून बघणार नाही. पण नाही म्हणायचं ते पंचायतीने म्हणावं. तू म्हणू नकोस, ते मला सोसत नाही.

मुलांना पापे. रागावले असले तरी लोभ तिथेच आहे, हलवलेला नाही.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥

अमरावती
२१ फेब्रुवारी १९६३

ती. अक्काच्या चरणी,

सुधाकरचा नमस्कार, आणि उशिराबद्दल दोन्ही कान धरले आहेत. तुझं पत्र दोन आठवडे खिशात घेऊन हिंडलो. शैलजाला वाचून दाखवलं, घड्यांचंही वाचलं. ती आधी हसली आणि मग रडली, म्हणाली की अक्कांना मी पाहुणी करून टाकलं.

तेव्हा लिहितो: कोळधार येथील माझ्या घराच्या समोरच्या दोन खोल्या उतारूंना देण्यास, थोरली बहीण गं. भा. मंजुळाबाई यांना घराचा मालक म्हणून माझी पूर्ण संमती आहे. हेडमास्तरांना नकार कळवला आहे. स्टँपपेपरवरचं रीतसर संमतिपत्र दोन दिवसांत पाठवतो, बैठकीत ते दे. हे पत्र मात्र वाचून चुलीत घाल, कारण पुढचं फक्त तुझ्यासाठी आहे.

सरपंच रंगरावांशी जपून वाग. कड्यावर माडी नको हा नियम त्यांनी केला खरा, पण आपली माडी चढवून झाल्यावर. शाळेत माझ्या पाटीवरची गणितं उतरवून पास झालेला माणूस, त्याचा नेम काय?

आता खरं सांगतो. मी नाही म्हणत होतो ते लोकांसाठी नव्हे. मी खामगावच्या बोर्डिंगात इंग्रजी चौथीत होतो. दिवाळी झाल्यावर तू कापसाच्या गाड्यांबरोबर दोन दिवसांची वाट करून लाडवांचा डबा घेऊन आलीस. मोकळं कपाळ, विटकं लुगडं, पायांवर धूळ. पोरांनी मला विचारलं, की ह्या कोण? मी म्हणालो, आमच्या घरची स्वयंपाकीण. तू दोन हातांवर उभी होतीस. तू ते ऐकलंस, आणि पदर सावरून पोरांना म्हणालीस, की हो, मी यांच्या घरी स्वयंपाक करते, घ्या, लाडू घ्या. मला उघडं पडू दिलं नाहीस. नंतरही कधी एका शब्दाने विचारलं नाहीस.

बावीस वर्षं झाली. ऑफिसात जेवणाचा डबा उघडताना अजून ते आठवतं. तू उतारूंना वाढणार असं लिहिलंस तेव्हा वाटलं, मी बोललो ते खोटं आता खरं होणार आणि ते खरं करणारा मीच. क्षमा मागायची कशी ते मला अजून येत नाही. तू थोरली आहेस, न मागता दे.

माझ्यावर आजवर जीव लावलास तसाच लावत राहा.

तुझा,
सुधाकर

॥ श्री ॥

कोळधार
२ मार्च १९६३

चि. सुधाकर यास,

तुझ्या अक्काचे आशीर्वाद. तुझा स्टँपपेपर आज सकाळी आला. वरातीमागून घोडं! बैठक परवाच झाली.

परवाना मिळाला. हे आधी लिहिते म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही. पण तो कसा मिळाला हे कळल्यावर तू माझं तोंड बघशील की नाही, माहीत नाही. दुपारच्या टपालाची वाट बघून शेवटी मी तुझं ते पत्रच घेऊन चावडीत गेले. नेमकी संमतीची ओळ वर येईल अशी घडी घातली आणि शरच्चंद्रासमोर धरली. तो म्हणाला, की अर्धा कागद दप्तरी लागत नाही, वरपासून खालपर्यंत वाचावा लागतो. रंगराव म्हणाले, की घरातलं काही असन तं घेऊन जा बाई, पुढच्या साली या.

मी घडी धरून उभी राहिले. पुढच्या साली म्हणजे पाडव्याला अमरावती, मी वचन देऊन बसले होते. दुसरीकडे तुझी शपथ घातल्यासारखी ती ओळ, फक्त तुझ्यासाठी. मग मी म्हणाले, वाचा, आणि पत्र देऊन टाकलं.

माडीचं वाक्य आलं तेव्हा पंचांतले कडूबा पाटील फेट्याच्या शेवात तोंड घालून हसले. रंगराव तांबडेलाल झाले. म्हणाले, की सुध्या लबाड बोलून राह्यला, पाटी माही होती, थोच माह्यावरून उतरवत जाय. माडीबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. मग बोर्डिंगचं आलं. शरच्चंद्र वाचता वाचता थांबला, त्याने माझ्याकडे पाहिलं, मी म्हणाले वाचत राहा.

कडूबांनी हरकत घेतली, की एकटी बाई, घरात परके मान्सं, काही कमीजास्त झालं तं गावाचं नाव खराब होईन. तेव्हा वच्छलाबाई बोलल्या. त्या बायकांच्या जागेवर दोन वर्षं पंचायतीत आहेत, पदराआड बसायचं आणि अंगठा लावायचा एवढंच आजवर केलं. त्या म्हणाल्या, की तीस वर्सं हे बाई त्या घराले सारवून राह्यली, मालक वर्सातून एकडाव येते अन् पावण्यावानी जेवून जाते, तं संमती कोनं कोनाले द्याची? यावर रंगरावांनी पहिला हात वर केला, आणि मग कडूबांनीही. अटी अशा: उतारू सहकुटुंब हवेत आणि आषाढ लागला की खोल्या बंद. कडूबांचं समाधान झालं, माझंही झालं.

तुझं पत्र काही परत मिळालं नाही. शरच्चंद्राने त्याला भोक पाडून दोरीत ओवलं, नंबर घातला आणि कपाटात ठेवलं. तू चुलीत घाल म्हणाला होतास आणि मी ते सरकारजमा केलं. तुझी लाज मी चारचौघांत वाचू दिली, माझ्या खोल्यांसाठी. हे मी जाणून केलं, चुकून नव्हे. तू क्षमा मागितलीस तशी मीही मागते, आणि धाकटा असलास तरी तूही द्यावीस. चैत्रात पहिले लोक येतील. त्याआधी शैलजाला आणि मुलांना घेऊन ये, मला न्हाणीचं छप्पर घालायला माणूस हवा आहे.

आता त्या दिवसाचं. वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? डबा खाली ठेवेपर्यंत वाटलं. पण मग ती पोरं माझ्याभोवती येऊन बसली. सतराव्या वर्षी कपाळ पुसून मी घरी परत आले, तेव्हापासून नऊ वर्षं मला कोणी ‘बिचारी’ सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. सकाळी वाटेत दिसले तर लोक थांबून मला आधी जाऊ द्यायचे, तोंड फिरवायचे. आणि त्या ओसरीवर सहा पोरं माझ्या हातचे लाडू खात विचारत होती, की बाई, तुमच्या हाताले लय चव हाये, आमच्या बोर्डिंगात काऊन येत नाही तुम्ही? त्यांना माझं कपाळ दिसतच नव्हतं रे. परत येताना कापूस उतरवून रिकाम्या झालेल्या गाडीत मी दोन दिवस एकटीच हसत होते, गाडीवान वळून वळून बघायचा.

तू बावीस वर्षं ज्या दिवसाची लाज वागवलीस, तो माझ्या तरुणपणातला सगळ्यांत चांगला दिवस होता. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. तू विचारलं नाहीस, आणि मला वाटलं तू विसरला असशील.

शैलजाला हे वाचून दाखव. उत्तर लवकर लिही आणि जीव असाच लावून ठेव.

तुझी,
अक्का